सेकंदकाटा

रात्री दोनला चार्जिंगला लावलं होतं
नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर, हजेरीच्या वहीशेजारी.
मी बारा नंबरची सलाईन बदलत होते,
तेवढ्यात यानं स्वतःला बदलून घेतलं.
विचारलं असेल म्हणे, “आत्ता की नंतर?”
कोण होतं तिथं उत्तर द्यायला?

हातात बांधलं तर अनोळखी.
काळ्या तबकडीवरचा तो लाल सेकंदकाटा,
ज्याच्यासाठी मिरजेत चार दुकानं हिंडून
हेच घेतलं होतं, तोच नाही.
त्याच्या जागी तीन रंगीत कडी,
एक हिरवं पान, आपोआप उमलणारं,
आणि मराठीत, म्हणजे त्यांना जी मराठी वाटते तिच्यात :
“आपण उभे राहण्याचे ध्येय गाठले आहे.”
अरे बाबा, आठ वाजल्यापासून उभीच आहे.

सातवरचे रायगोंडा आप्पा, बेडगचे.
दोन बोटं त्यांच्या मनगटावर,
डोळे माझ्या मनगटावर,
आणि सेकंद कुठंच नाहीत.
डावीकडून सरकवलं : हवामान.
वरून खाली : कुणाचा तरी वाढदिवस.
खालून वर : तुमची झोप अपुरी आहे.
बोटांखाली आप्पांची नाडी आपली चाललेली,
मोजणाऱ्याची वाट न बघता.

मग टॉर्च. बाजूचं बटण दाबलं की
शेजारचा पेशंट उठणार नाही
एवढाच उजेड पडायचा.
दाबलं. धरून ठेवलं.
अख्ख्या वॉर्डात भोंगा.
इक्बालमामा स्ट्रेचर घेऊन धावत आले,
पडद्याआडचा नवा पोरगा रडायला लागला,
आप्पा तेवढे शांत :
“सिस्टर, कारखान्याची पाळी सुटली काय?”

सकाळी ड्युटी संपल्यावर शोएबच्या दुकानात.
त्यानं दोन्ही अंगठ्यांनी बरंच काही केलं.
“मागं जाता येत नाही, सिस्टर. आता हेच.”
डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं सांगितलं,
फक्त खांद्यावर हात ठेवला नाही.

सेकंद सापडले नंतर. तीन पडदे आत,
पावलांच्या हिशेबाखाली, करड्या बारीक आकड्यांत.
सदतीस. अडतीस.
काटा नुसता दिसतो, आकडे वाचावे लागतात.
नाडी मोजताना एक आकडा मनात चाललेला असतो,
दुसरा डोळ्यांतून आत शिरला
की दोन्ही सांडतात. पुन्हा पहिल्यापासून.
हे त्या पान उमलवणाऱ्याला कोण सांगणार?

घरी येऊन पडले. झोप नाही.
आणि उगीचच ते कपाट आठवलं.

औषधांचं. गेल्या दिवाळीत मीच हलवलं,
खिडकीकडून दाराकडे.
सोयीचं होतं. अजूनही आहे, कुणालाही विचारा.
हिवाळे सिस्टरना रिटायर व्हायला चार महिने होते.
घाईच्या वेळी त्या खिडकीकडेच जायच्या,
हात वर, न बघता, नेमका त्या उंचीवर,
जिथं इंजेक्शनांचा ट्रे असायचा
आणि आता औषध कंपनीचं कॅलेंडर होतं.
आम्ही हसायचो. वाईट हेतूनं नाही.
मोठ्या अक्षरांत लेबलं लावली होती की मी.
दोनदा सांगितलं होतं.

त्या काही बोलायच्या नाहीत.
हात खाली घ्यायच्या
आणि एप्रनला पुसायच्या,
भिंत ओली असल्यासारखा.