हुडहुडी

तारीख ठरलेली. वेळही.
सासऱ्यांनी दौलतगंजच्या एका गुरुजींकडून
दहा चाळीस काढून आणली होती.
दहा वाजता खिडकीबाहेर किल्ला नव्हताच,
नुसतं धुकं.
ग्वाल्हेरची जानेवारी अशीच, गोष्टी उचलून नेते
आणि दुपारी, काही झालंच नाही अशी, परत ठेवते.

शर्वरी पागे. बत्तीस. पहिलटकरीण.
पाठ वाकवा, म्हटलं, मांजर वाकवते तशी.
सुई गेली. पाय गेले.
‘आहेत ना तिथे?’ तिने विचारलं.
आहेत, म्हटलं. दोन्ही.

मग सुरू झालं.
आधी हनुवटी, मग खांदे,
मग हात असे, की टेबलाची पट्टी वाजू लागली.
दातांवर दात.
मॉनिटरवरची रेघ
खडखडत्या बसमध्ये उरकलेला गृहपाठ.
दंडावरचा पट्टा फुगला, बसला, पुन्हा फुगला,
आकडा काही देईना.

‘मला थंडी नाही वाजत,’ ती म्हणाली, तुकड्यातुकड्यांत,
‘मग हे क-कोण करतंय?’

खरं उत्तर लांबलचक आहे.
कमरेखाली नसा सैलावतात,
आतली ऊब पायांकडे चालती होते,
डोक्यातला म्हातारा चौकीदार घाबरतो
आणि त्याच्या हुकमात जेवढं उरलंय
तेवढंच गदागदा हलवतो.
मी म्हटलं, होतं असं. तुमचं काही चुकलेलं नाही.

सलाइन कोमट केलेलं होतं, एसी बंद.
सर्जनबाई मास्कआड कुरकुरल्या.
कमलेश सिस्टरने पांघरुणात गरम हवेची नळी सोडली.
तरीही.

ट्रेमध्ये सिरिंज तयार.
लेबलवर माझंच अक्षर, औषधाचं नाव इतकं लांब
की निम्मंच मावलेलं.
थरथर थांबवतं ते. पापण्याही उतरवतं.
तिने पाहिलं बहुतेक.
‘झोपवू नका हं. मला रडणं ऐकायचंय.’
नाही झोपवणार, म्हटलं.
वचन देण्याआधी दहा आकडे मोजावेत,
एवढं तरी पंधरा वर्षांत शिकायला हवं होतं.

दहा एक्केचाळीस. मुलगी.
मुहूर्त मिनिटाने हुकला.
आधी एक शिंक,
मग कुकरची शिट्टी अडकावी तसं काहीतरी,
मग मोकळं, खोलीभर.

नाळ कापल्यावरच मी सिरिंज जोडली.
सावकाश, दहा मिनिटांत; घाई केली तर नाडी बसते.
अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याहत्तर. एकसष्ट.
तिथे हात आखडता घेतला.
हनुवटी थांबली. खांदे उतरले.
रेघ शहाण्या मुलीसारखी ओळीत लिहू लागली.
बाळ गालाशी टेकवलं तेव्हा डोळे उघडे होते तिचे.
हाक मारली की हं म्हणायची.
मला वाटलं, जमलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
सासऱ्यांनी गजकाचा डबा पुढे केला.
ती हळूच म्हणाली,
‘रडली होती का हो?
मला फक्त तुमचा हात आठवतो, कपाळावरचा.
पुढचं कोरं.’
‘भूल गई बेचारी,’ कमलेश सिस्टर म्हणाली, गजक चावत.

मराठीत मी भूल देते.
दाराबाहेर, या गावात,
भूल म्हणजे विसरणं, आणि भूल म्हणजे चूक.
एकाच सिरिंजमध्ये
मी नेमकं काय काय भरते, कोण जाणे.

स्टूल ओढलं. सांगितलं सगळं:
शिंक, अडकलेली शिट्टी,
दुपट्यातून निसटलेला एक पाय,
आणि तुम्ही म्हणालात, ‘केवढी गरम आहे.’
‘मी म्हणाले?’
तुम्हीच.
तिने ते दोन्ही हातांनी घ्यावं तसं घेतलं.
‘आणि कोणत्या गालाला लावली?’
उजव्या, म्हटलं.
तिने उजव्या गालावर तळवा ठेवला
आणि तसाच राहू दिला.

घरी जाताना, जयेंद्रगंजच्या वळणावर,
समोरचा दिवा धुक्यात लाल व्हायला
आणि मला आठवायला
एकच वेळ.
डावा.