काचेतलं दिसू नये

रात्रपाळीचे माग थांबेपर्यंत मी चित्रं तपासतो,
दाजी पेठेत, माडीवरच्या खोलीत,
जिथं भिंतसुद्धा खटखट शिकली आहे.
'राखेचं बेट' या खेळाची चित्रं. लोक पाठवतात,
विकीसाठी मी घेतो, नाहीतर परत करतो.

नियम माझेच.
कोपऱ्यातली जीवपट्टी लपवा.
बाण, नकाशा, गोळ्यांचा आकडा, काही नको.
ताणू नका; ताणलं की राक्षस जाडा होतो
आणि पोरं विचारतात, नवा आला का?
रात्रीचा प्रसंग उजळवू नका, तो अंधार खेळाचाच आहे.
नाव नीट द्या: दीपस्तंभ_पायथा_पहाट.
'नवीन २ फायनल फायनल' चालणार नाही.
आणि मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका,
काचेत तुमचं घर दिसतं.

नान्ना हसतात. "माझंच काम की हे."
एकतीस वर्षं त्यांनी जेकार्डचे नक्षे काढले.
आलेखाचा कागद, लाल पेन्सिल,
भरलेलं घर म्हणजे कार्डाला भोक,
भोक म्हणजे उचललेला धागा.
एक घर चुकलं की मोर लंगडतो,
चादरभर, वीतवीतभर अंतरावर.
असा एक लॉट झाला होता.
मालकानं निम्म्या भावात काढला, कन्ना चौकात,
आणि नान्नांच्या पगारातून...
ते जाऊ दे.

परवा एक चित्र आलं.
खेळातलं शेवटचं दार. आजवर कुणी उघडलं नव्हतं,
विघ्नेश_०७ हा पहिला.
आणि काढलं मोबाईलनं. तिरकं.
दारावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ,
रेघेखाली पोराचं कोपर,
कोपरामागे दोरीवर चादर.

नान्ना चहा घेऊन मागं उभे. "मोठं कर."
फुटेल, म्हटलं.
"फुटू दे."
फुटलं. दार गेलं, कोपर गेलं,
उरली नुसती घरं, रंगीत, ओळीनं,
आणि ते चष्मा कपाळावर सारून मोजू लागले,
काचेला बोट न लावता,
ओकटी, रेंडू, मूडू, पुटपुटत,
मोराच्या पायाशी येऊन थांबले.
"इक्कडे," म्हणाले. "तप्पु."

चहावर साय धरली.

मी चित्र उडवलं. कारण: नियम चौथा.
खाली लिहिलं, दार उघडल्याबद्दल अभिनंदन.
'चादर अजून टिकून आहे का' हे लिहिलं,
खोडलं.

आठवड्यानं त्यानं दुसरं पाठवलं.
पट्टी नाही, बाण नाही, माप चोख,
नावसुद्धा बरोबर.
दारापलीकडे राख, राखेत एक दिवा.
खोट काढायला जागा नव्हती.

नान्नांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं,
स्क्रीन जरा तिरकी करून,
उजेडात धरून.
"चांगलंय," म्हणाले,
"पण यात बघायचं काय?"