परिशिष्ट ब

जांभ्याच्या पायऱ्यांवर तिसरा दिवस.
बावीस पोरं, एक ताडपत्री,
आणि तन्झीला होडेकरच्या हातात अर्ज:
विद्यापीठाचा निधी कुठे गुंतवलाय, यादी द्या.
जिथे बॉम्ब बनतात तिथून काढून घ्या.

यादी माझ्याच कपाटात.
सतरा वर्षं मीच टाचतो ती ताळेबंदाला,
परिशिष्ट ब, पान एकेचाळीस.
नावं कधी वाचली नव्हती. बेरीज जुळली की झालं.

कुलसचिव म्हणाले, गाझा कुठे, रत्नागिरी कुठे.
तन्झीला म्हणाली, सर, आमच्या मिरकरवाड्यात
पावसात दोन महिने दर्या बंद, माशांच्या विणीसाठी.
तिथे बारमाही.
पागायला गेलेला पोरगा गोळी खाऊन येतो.
कुणाची वीण थांबवायचीय, सर?

घोषणा कोणी दिली नाही.
मागे कोणीतरी शिंकलं.

दुपारी मी पान एकेचाळीस काढलं.
चष्मा पुसला. पाचवं नाव. मग नववं.
माझी पेन्शनही ह्यातूनच, दोन वर्षांनी.

झेरॉक्सवाला शिवगण म्हणाला, किती प्रती, भाऊ?
खिशात वीसची नोट होती.
म्हटलं, हिच्यात बसतील तेवढ्या.