ठेंगू

नाव सांचीनं ठेवलं,
तेव्हा तो बुटांच्या खोक्यात मावत होता
आणि ती चार वर्षांची, हट्टाला पेटलेली.
प्रफुल्लनं पंजे उलटसुलट करून पाहिले,
म्हणाला, हे नाव टिकणार नाही.
नाव टिकलं. बाकी काही मापात राहिलं नाही.

वर्षभरात ओट्यावरचं सगळं
त्याच्या नाकाच्या उंचीवर आलं.
पोळ्यांचा डबा फ्रिजवर गेला, फ्रिजवरून कपाटावर.
त्यानं शेपूट हलवलं की
आम्ही चहाचे कप आधी उचलायचो, मग हसायचो.
डॉक्टर बोंद्रेंचा काटा पुरेना
म्हणून मानेवाड्याच्या भंगारवाल्याकडे नेला,
रद्दी-लोखंडाच्या काट्यावर तो शहाण्यासारखा उभा राहिला.
बहात्तर किलो, भंगारवाला म्हणाला,
आणि सवयीनं भाव सांगता सांगता थांबला.

रस्त्यावर पोट्टे विचारायचे,
काकू, हे कुत्रं होय का घोडं?
एक चक्कर बसू देता का?
चावते का, हे सगळ्यांत शेवटी, दोन पावलं मागे सरून.

चावत नव्हता. टेकायचा.
उभ्या माणसाला सगळं अंग लावून टेकायचा,
ड्यूटी संपलेला माणूस पानठेल्याला टेकतो तसा.
गॅसवाला, मीटर वाचणारा, वर्गणी मागायला आलेली मंडळी,
सगळ्यांनी त्याचं वजन थोडं थोडं पेललेलं आहे.
दिवाळीत मात्र बहात्तर किलो
बाथरूममध्ये बादलीमागे लपायचे.
बादलीमागे फक्त नाक मावायचं.

बाबांना तो नको होता.
माणसाले खायले नाही अन् हे एक, असं म्हणत
सक्करदऱ्याच्या बाजारातून कोंबडीचे पाय तेच आणायचे,
तेच उकळायचे, तेच फुंकून निववायचे.

त्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर.
ठेंगू फरशीवर आडवा, पोट भात्यासारखं,
कुलरचा वारा त्याच्या अंगावरून वरच्या वर जात होता.
बाबा बराच वेळ बघत बसले.
दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
स्टँड ऑटोत घालून वेल्डिंगवाल्याकडे गेले
आणि चारही पाय दीड दीड फूट कापून आणले.
आता पलंगावर आम्ही घामाघूम
आणि खाली खसचा ओला वास, त्याचं घोरणं.
कोणी काही बोललं नाही.
बाबांनी आपली गादी खाली टाकली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
एवढं मोठं अंग फार वर्षं चालत नाही, ताई.
सात. आठ म्हणजे तुमचं नशीब.
मी मान हलवली होती,
विम्याच्या कागदावर न वाचता सही करताना हलवते तशी.

सांची सहावीत गेली तेव्हा
तो जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबायचा,
मागे वळून बाबांकडे बघायचा.
बाबा गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याकडे.
आधी तू.
नाही, आधी तू.

मग एका सकाळी उठताच येईना.
चौघांनी चादरीत धरला: मी, प्रफुल्ल,
शेजारचे ढोबळे, ज्यांनी त्याची दोनदा तक्रार केली होती,
आणि रस्त्यावरचा एक पोट्टा, आता मिसरूड फुटलेला.
गेटपाशी चादर मध्ये फाटली,
सांचीनं खालून दोन्ही हात लावले.
तशातही त्यानं मान वळवली
आणि ढोबळेंच्या मांडीला डोकं टेकवलं.
ढोबळे म्हणाले, हळू रे, हळू,
आम्हाला की त्याला, कळलं नाही.

यंदा एप्रिलात कुलर निघाला.
नवी खस लावली, टाकी घासली.
प्रफुल्ल म्हणाला, स्टँडला पाय जोडून आणतो.
बाबा म्हणाले, काहून?

एवढंच.

आम्ही चौघंही खाली झोपतो, गाद्या भिंतीला सरकवून.
कुलरसमोरच्या चार फरश्या मोकळ्या राहतात,
कुणी ठरवलेलं नाही.
सांची झोपेत पाय तिकडे टाकते, परत ओढून घेते.
पंप गुरगुरतो.
वारा आधी त्या फरश्यांवरून जातो
आणि मग आमच्यापर्यंत येतो.