चौथी उपासना

किल्ली माझ्याकडं असते.
तिसऱ्या रविवारी तीनला कुलूप काढते,
खिडकीतल्या पारव्याला हाकलते,
गोणपाटानं बाक पुसते
आणि मोटारसायकलच्या आवाजाकडं कान लावून बसते.

पाळक आवळे सकाळी आठला मिरजेत असतात,
साडेदहाला कवठेमहांकाळ, एकला डफळापूर.
डफळापूरच्या बायका पुऱ्या करतात.
आम्हांला ते कळतं
त्यांच्या बाहीवरच्या तेलाच्या डागावरनं.
मग आम्ही.
जतच्या पुढं अकरा किलोमीटर,
नकाशात नाही, त्यांच्या डायरीत आहे.

संदेश एक, गावं चार.
आमच्यापाशी येतो तेव्हा त्याचा घसा बसलेला असतो.
मिरजेत मुद्दे तीन असतात म्हणे.
आमच्या वाट्याला एक,
तोही कधी कधी अर्धाच, पाणी पिताना विसरलेला.
प्रभुभोजनाची भाकर मिरजेच्याच बेकरीतली,
कडा वाळलेल्या.
"शिळं हाय सगळं, वहिनी," माझा दीर नथानेल म्हणायचा,
"तिथलं उरलेलं."
मी प्याले पुसत राहायची.
पेटीत चोवीस, आम्ही अठरा,
पण पुसायचे चोवीसही.

फेब्रुवारीत मिरजेला मोतीबिंदू काढला.
रविवारी एका डोळ्याला पट्टी,
सोडायला आलेल्या जावयाला म्हटलं, थांब जरा, आठची उपासना बघू.
केवढं मोठं देऊळ! पंखे, माईक,
गाणाऱ्या पोरी एकाच रंगाच्या साडीत.
पाळकसाहेबांच्या झग्याला अजून इस्त्रीची घडी.
शंभरातलं हरवलेलं मेंढरू.
मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, मुद्दा तिसरा,
मूळ भाषेतला एक शब्दही फोडून सांगितला.
नाव ठेवायला कुठं जागा नव्हती.
शेजारची बाई घड्याळ बघत होती.
माझा उघडा डोळा
कोरडाच राहिला.

साडेनऊची जत गाडी धरली.
जावई नको नको म्हणत होता.
तीनला कुलूप काढलं.

साहेब आले चार वाजून दहा मिनिटांनी.
झगा पिशवीत, पँटीवर गुडघ्यापर्यंत फुफाटा.
ढालगावच्या अलीकडं मेंढरं रस्त्यात होती,
एक कोकरू डांबरावर बसलं ते उठेना,
धनगराची पोरगी एकटी,
म्हणून पुलापर्यंत उचलून नेलं.
हे त्यांनी सांगितलं नाही. पोरांनी विचारून काढलं.

मग उभे राहिले. वही उघडली, मिटली.
म्हणाले, "मेंढरू हरवत नाही हो.
ते मागं राहतं.
त्याच्यानं चालवत नाही.
आपण पुढं जातो,
आणि पुढं जाऊन म्हणतो, हरवलं."

एवढंच.
आणि पहिल्या बाकावर बसले, आमच्यातच,
पाय लांब करून.

कोणी आमेन म्हटलं नाही बराच वेळ.
पारवा परत आला होता, त्याला कोणी हाकललं नाही.
नथानेल उठून बाहेर गेला.
मला वाटलं, तंबाखू.
खिडकीतनं पाहिलं तर
मोटारसायकलची सीट पुसत होता, स्वतःच्या टॉवेलनं.

निघताना साहेब ओशाळले,
"तुम्ही सकाळी मिरजेत होता ना, एस्तेरबाई?
तेच परत ऐकावं लागलं."
मी काय सांगणार?
"पट्टी होती," म्हटलं, "नीट दिसलं नव्हतं."

पेटी बांधताना कडीत
लोकरीचा धागा अडकलेला दिसला, मळकट, चिकट.
मी तो काढला नाही.
जाऊ दे म्हटलं मिरजेला,
आमच्याकडनं कधी काही गेलं नव्हतं तिकडं.