दिव्याची परीक्षा

मेच्या पहिल्या आठवड्यात वारा दमतो जरा,
बंदरावरून उडणारं मीठ
कुंपणाच्या अलीकडे पोचत नाही.
तेव्हा मी रोपं बाहेर काढते, ट्रेच्या ट्रे,
आणि आर्ची गुडघ्यांखाली टपालाची जुनी पिशवी घालून
मातीशी बसतो.

इतकी वर्षं रंग माझ्याकडे होते.
पिवळट होस्टाच्या पायाशी वाइनच्या रंगाचा ह्यूकेरा,
चंदेरी ब्रुनेरा भिंतीच्या सावलीत,
आणि जपानी नेचे, ज्यांच्या देठांत
कुणीतरी जांभळी शाई सांडल्यासारखी,
ते मधेमधे,
आमटीत मीठ घालावं तसे. चिमटीने. न मोजता.
आर्ची खड्डे खणायचा.

त्याला लाल आणि हिरवा एकच.
एकोणिसाव्या वर्षी ग्लासगोच्या एका अंधाऱ्या खोलीत
दोन बारीक दिवे लावून विचारलं होतं त्याला :
काय दिसतं?
तो म्हणाला, दोन दिवे.
बोटीवरची नोकरी तिथेच बुडाली.
मग अडतीस वर्षं तो पोर्टपॅट्रिकमध्ये पत्रं वाटत फिरला
लाल गाडीतून,
जी लाल आहे हे त्याने लोकांकडून ऐकलं होतं.

यंदा मागच्या पायरीवरच्या शेवाळाने
माझं मनगट मोडलं.
मी खुर्चीत, घोंगडी घेऊन,
तोंडाने बाग लावत बसले.
"तो वाइनच्या रंगाचा, डावीकडे."
"कुठला वाइनच्या रंगाचा?"
दोन्ही हातांत दोन कुंड्या, उंच धरलेल्या,
आणि चेहरा त्या खोलीतल्या पोराचा.
लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली,
मी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं.
"लाव तुला हवं तसं," म्हटलं
आणि चहाचं निमित्त काढून आत गेले.

बाहेर आले तर माझी बाग नव्हती ती.
लाल ह्यूकेरा हिरव्या गर्दीत गडप.
नेच्यांची जांभळी शाई कुणालाच दिसणार नाही अशा कोपऱ्यात.
शेजारच्या मिसेस मकलर्ग फाटकापाशी थांबल्या,
मान वाकडी करून म्हणाल्या, "धीट आहे हं."
त्यांच्या तोंडी हा शब्द चांगला नसतो.

त्याने कडा पाहिल्या होत्या फक्त.
पांढऱ्या काठाचा होस्टा, मग दोन पावलं सोडून
पांढऱ्या ठिपक्यांचा पल्मोनेरिया,
मग काठाला साय धरलेला युऑनिमस,
फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत,
वाकडी, पण एक रांग.
युऑनिमसची एक फांदी मात्र त्याने छाटून ठेवलेली,
अख्खी हिरवी, काठ हरवलेली.
"ही विझली होती," म्हणाला.
मी दोन वर्षं शेजारून जात होते,
माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथे मे महिन्यात उजेड दहापर्यंत रेंगाळतो
आणि जातो तेव्हा रंग आधी नेतो.
खिडकीतून बघत होते.
आधी ह्यूकेरा काळा झाला,
मग नेचे, मग माझा आवडता तांबूस मेपल,
एकेक करून माझे सगळे.
उरल्या त्या कडा.
आर्ची गोगलगायी वेचायला निघाला होता, बादली घेऊन,
बॅटरी विसरून (का मुद्दाम, कोण जाणे),
आणि त्या पांढऱ्या काठाकाठाने
न अडखळता
बंदरात शिरणाऱ्या माणसासारखा चालत गेला
आणि परत आला.

दारात त्याचे बूट घेताना विचारलं,
काय दिसलं?
"सव्वीस गोगलगायी," म्हणाला.

तो लाल ह्यूकेरा उद्या हलवायला हवा.
मनगट बरं झालं की.
बघू.