काळी चार

दिगूभाऊ हातागळ्यांची पेटी
दुसऱ्यांदा माझ्या दुकानात आली
तेव्हा तिच्यात उसाचं पाचट होतं.

सुरांच्या फटीत, भात्याच्या घडीत.
चिमट्यानं एकेक काढलं,
खाली पेपर अंथरला होता,
तो नेमका त्याच हप्त्यातला निघाला:
'प्रसिद्ध गायक हातागळे यांच्यासह चौघे ठार.'
यांच्यासह म्हणजे ढोलकीचा अयुब.
यांच्यासह म्हणजे कोरसातला मुंजाजी,
आणि जीपवाला, त्याचं तर नावही चुकीचं छापलंय.

पोखर्णीच्या अलीकडं, रात्री दीडला,
ट्रॅक्टर उभा होता. दोन ट्रॉल्या, पंक्चर.
मागं दिवा नाही, लाल कागदाचा तुकडा नाही,
नुसता ऊस, अंधाराएवढा उंच.
जीपमध्ये म्हणे त्यांचंच गाणं चालू होतं.
लोक सांगतात.
ऐकलं कुणी, ते सांगत नाहीत.

चौकात बॅनर लागला. फोटो जयंतीच्या कार्यक्रमातलाच,
तोच वर केलेला हात, तोच निळा फेटा,
मजकूर तेवढा बदलला.
पानटपरी, रिक्षा, मोबाईलचं दुकान,
जिकडं तिकडं तोच आवाज.
स्टेशनासमोरच्या रसवंतीचे घुंगरू
त्याच ठेक्यात वाजायले,
माझ्यानं रस पिववला नाही.

कारण मला ती दुपार आठवायली.
'मिस्त्री, काळी चार अडकायली बघा.
पाचला निघायचंय गंगाखेडला.'
'दोन तासात देतो,' म्हणालो.
मग चहा झाला, लाईट गेली,
कुणी तबल्याची वादी घेऊन आलं, बोलत बसलं.
पेटी हातात दिली तेव्हा साडेआठ.
'असू द्या हो,' हसले, 'लोक बसत्यात आपल्यासाठी.'

लोक बसले.
उशिरा सुरू झालं, उशिरा संपलं.
पंचनाम्यात हा हिशोब कुणी विचारला नाही.

वहिनी म्हणाल्या, इकायची हाय,
झाकण तेवढं बसवून द्या.
मी झाकण बसवलं, भात्याला नवं चामडं लावलं,
पट्ट्या लोण्यासारख्या केल्या.
काळी चार दाबून पाहिली.
पुन्हा पाहिली.
चांगली वाजते.

सोनपेठचं भजनी मंडळ घेऊन गेलं.
मजुरी मी घेतली नाही,
वहिनींना वाटलं, मोठ्या मनाचा माणूस.

आता गिऱ्हाईक विचारतं, 'कधी मिळंल?'
मी तास सांगत नाही.
'मुक्कामाची सोय असंल
तरच कार्यक्रम धरत जा,' म्हणतो
आणि समोरच पडलेला पेचकस
शोधत बसतो.